आधी आकडा बघा, मग रेघ: लॅपटॉप आणि मोबाइलवर इंडिकेटर वेगळे दिसतात तेव्हा

नेरूळहून एका सेवानिवृत्त गृहस्थांनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. एचडीएफसी बँकेच्या शेअरचा रोजचा चार्ट, म्हणजे भावाचा आलेख, ते दोन ठिकाणी बघतात आणि त्यावर इंडिकेटर, म्हणजे भावावरून हिशेबाने काढलेल्या रेघा, लावतात. लॅपटॉपवर जुनं सॉफ्टवेअर आहे, त्यात रोज संध्याकाळी एनएसई या शेअर बाजाराची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची यादी, ते स्वतः भरतात. मोबाइलवर ब्रोकरचं ॲप आहे. दोन्हीकडे आरएसआय, म्हणजे भावाच्या वाढ-घटीत वाढीचा वाटा सांगणारा शून्य ते शंभरमधला आकडा, १४ दिवसांचाच, तरी लॅपटॉपवर ४१ आणि मोबाइलवर ६०. लॅपटॉपवर २०० दिवसांची साधी सरासरी सतराशेच्या जवळ लटकलेली, भाव मात्र हजाराच्या आसपास. सुपरट्रेंड, म्हणजे तेजी-मंदीची दिशा दाखवणारी रेघ, लावलाय, कोपऱ्यात त्याचं नाव आणि ९७६ असा आकडा दिसतो, पण रेघ कुठेच नाही, पूर्वी दिसायची. मोबाइलवर निफ्टीला व्हीवॅप, म्हणजे सौद्यांच्या संख्येचं वजन दिलेली भावाची सरासरी, लावला तर काहीच उमटत नाही. दोनदा सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, रंगाची थीमही बदलून पाहिली. ऐन दिवाळीचे दिवस यातच गेले. आता त्यांचा प्रश्न आहे: दोन्हींपैकी खोटं कुठलं, आणि कुठलं टाकून देऊ?

काका, दोन्ही ठेवा. मला दिसतं त्यावरून तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी समोर आल्या आहेत. त्यातली एकही सॉफ्टवेअर नव्याने टाकून सुटणारी नाही.

मी २००३ पासून चार्ट लावते. सुरुवात ठाणे स्टेशनजवळच्या एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात झाली. बाजार सुटला की डायल-अपवरून भावकॉपी उतरवून मेटास्टॉक या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, हे माझं पहिलं काम. गेली बारा वर्षं नौपाड्यात घरीच छोटा वर्ग घेते. ‘इंडिकेटर बिघडलाय’ म्हणून लोक जे चार्ट घेऊन येतात, त्यांच्यासाठी मी एकच सवय लावून घेतली आहे: रेघेकडे बघायचं नाही, आधी आकडा बघायचा. रेघ हे आकड्याचं फक्त चित्र आहे. इंडिकेटरच्या नावापुढे जो आकडा असतो तो बरोबर असून रेघ दिसत नसेल, तर दोष चित्रात आहे, म्हणजे रंग, मोजपट्टी किंवा दाखवा-लपवाची खूण. आकडाच चुकला असेल तर दोष हिशेबात किंवा हिशेबाला पुरवलेल्या मालात. आणि आकडाच उमटत नसेल तर हिशेबाला माल मिळालेलाच नाही. तुमच्या चार तक्रारी या तीन खणांत नीट बसतात: आरएसआय आणि सरासरी मधल्या, सुपरट्रेंड पहिल्या, व्हीवॅप तिसऱ्या.

आकडा वाचतानाही एक खबरदारी घ्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यातला आकडा माउस ज्या कँडलवर, म्हणजे एका दिवसाच्या भावाच्या उभ्या पट्टीवर, असेल त्या कँडलचा असतो. माउस नकळत मागच्या आठवड्यावर टेकलेला असतो आणि आपण तो आजचा आरएसआय समजतो. मोबाइलवर बोट लावून धरलं की तेच होतं. म्हणून माउस चार्टच्या बाहेर न्या, किंवा दोन्हीकडे एकच तारीख पकडून आकडे कागदावर लिहा. बाजार चालू असताना तुलना करू नका. भावकॉपी संध्याकाळची आणि ॲप त्या क्षणाचं, ते जुळणार कसे?

आता मुख्य गोष्टीकडे. दोन्हीकडे इनपुट्समध्ये, म्हणजे इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये, १४ आहे, भाव म्हणून क्लोज, म्हणजे बंद भाव, आहे, चार्ट रोजचा आहे आणि कँडल साध्याच आहेत, हायकिन आशी नाहीत, एवढं तपासून घ्या. हायकिन आशी लावलेली असेल तर अनेक ठिकाणी आरएसआयही त्या सरासरी काढलेल्या भावांवर निघतो आणि आकडा पार बदलतो. पण तुमच्या बाबतीत मला तो संशय नाही, कारण धागा २०० दिवसांच्या सरासरीनेच हातात दिला आहे. सरासरी ज्या आकड्यांची काढली, त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्याच्या वर ती कधी जाऊच शकत नाही. भाव हजार आणि सरासरी सतराशे, याचा अर्थ गेल्या २०० दिवसांपैकी बरेच दिवस तुमच्या लॅपटॉपच्या लेखी या शेअरचा भाव सतराशेच्याही वर होता.

आणि तो होताच. एचडीएफसी बँकेने २०२५ मध्ये पहिल्यांदाच बोनस दिला, एकास एक. २६ ऑगस्ट २०२५ रोजी शेअर एक्स-बोनस झाला, म्हणजे त्या दिवसापासून घेणाऱ्याला बोनस मिळणार नव्हता. आदल्या दिवशी, २५ तारखेला, तो १,९६० च्या आसपास बंद झाला होता. २६ ला व्यवहार ९८० च्या घरात सुरू झाले. धारकाचं काही गेलं नाही, एकाचे दोन शेअर झाले. तुमच्या मोबाइलच्या ॲपने २६ ऑगस्टच्या आधीचे सगळे भाव निम्मे करून टाकले, म्हणून तिथे चार्ट अखंड दिसतो. भावकॉपी मात्र त्या-त्या दिवसाची नोंद असते. ती मागचे भाव बदलत नाही. तुम्ही रोज इमानाने भरलेली प्रत्येक भावकॉपी बरोबर आहे, आणि तरीही सगळ्या मिळून झालेला चार्ट चुकीचा आहे. लॅपटॉपच्या दृष्टीने २६ ऑगस्टला शेअर एका दिवसात निम्म्यावर कोसळला.

हिशेब मांडून दाखवते. बोनसनंतर तुमच्या प्रश्नापर्यंत बाजाराचे सुमारे ४० दिवस झाले. त्याआधीच्या १६० दिवसांचा सरासरी भाव १,८७० धरा आणि नंतरच्या ४० दिवसांचा ९८०. सगळ्यांची बेरीज करून २०० ने भागा, १,६९२ येतात. हीच तुमची लटकलेली रेघ. भाव जागचा हलला नाही तरी ती आता रोज जवळजवळ साडेचार रुपयांनी उतरत राहील, कारण रोज एक जुना १,८७० बाहेर पडतो आणि एक ९८० आत येतो.

आरएसआयचं गणित थोडं वेगळं आहे. जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये तो मांडला तेव्हापासून त्याची पद्धत अशी आहे: कालच्या सरासरी घटीला १३ ने गुणायचं, त्यात आजची घट मिळवायची आणि १४ ने भागायचं. वाढीचंही तसंच. मग एकूण वाढ-घटीत वाढीचा वाटा किती टक्के, तो आरएसआय. समजा आज वाढीची सरासरी ४.८ रुपये आणि घटीची ३.२ आहे. ४.८ भागिले ८ म्हणजे आरएसआय ६०, तुमच्या मोबाइलवरचा. आता लॅपटॉपला २६ ऑगस्टला जी ९८० रुपयांची घट दिसली, तिचा चौदावा भाग म्हणजे ७० रुपये त्या दिवशी घटीच्या सरासरीत शिरले. रोज त्यातला चौदावा हिस्सा विरत गेला, तरी ४० दिवसांनी पाच टक्के उरतात, म्हणजे ३.६ रुपये. घट झाली ६.८, बेरीज ११.६, आणि आरएसआय आला ४१. मी गोल आकडे घेतले आहेत, पण तुमच्या दोन आकड्यांमधली दरी यातून पूर्ण भरून निघते.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती कुठल्याही सेटिंगच्या खिडकीत लिहिलेली नसते. प्रत्येक इंडिकेटरची आठवण वेगळी असते. साधी सरासरी २०० दिवस सगळं जसंच्या तसं लक्षात ठेवते आणि २०१ व्या दिवशी एकदम विसरते. वाइल्डरच्या पद्धतीचा आरएसआय हळूहळू विसरतो. १४ दिवसांनी ३५ टक्के उरतं, ५० दिवसांनी अडीच, १०० दिवसांनी नगण्य. सुपरट्रेंड ज्या एटीआरवर, म्हणजे भावाच्या रोजच्या हालचालीच्या सरासरीवर, चालतो तो १० दिवसांचा असेल तर ४० दिवसांत जवळपास सगळं विसरलेला असतो. म्हणूनच तुमच्या चार्टवर एकाच दोषाने सरासरी पार वेडीवाकडी, आरएसआय अर्धवट चुकलेला आणि सुपरट्रेंडचा आकडा ठीकठाक असं चित्र दिसतंय. चार इंडिकेटर चार तऱ्हेने चुकले की माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. मी अशा वेळी मागे जाऊन त्या एका दिवसाची कँडल शोधते.

माझ्या वर्गातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. सप्टेंबर २०१७ मध्ये रिलायन्सचा एकास एक बोनस झाला. ज्यांच्याकडून आम्ही डेटा घेत होतो त्यांनी मागचे भाव दोन दिवस उशिरा सुधारले. त्या दोन दिवसांत बाईंच्या चार्टवर आरएसआय पंधराच्या आसपास दिसला. ‘इतका खाली कधी येतच नाही’ म्हणून त्यांनी मुदतठेवीतले पैसे काढून शेअर घेतले. पुढे भाव वाढलाही. पण त्या आजतागायत ‘आरएसआय पंधरा’ची वाट बघतात, आणि जो आकडा बाजारात कधी आलाच नव्हता त्यावर त्यांचा विश्वास बसलाय, तो मला अजून काढता आलेला नाही. नुकसान झालं असतं तर कदाचित समजावणं सोपं गेलं असतं. म्हणून या विषयात मी थोडी हट्टी आहे.

उपाय सांगते. आधी डेटाच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मग सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिटची, म्हणजे एका शेअरचे अनेक झाले की मागचे भाव त्या प्रमाणात कमी करण्याची, सोय शोधा. ॲमीब्रोकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती सिम्बॉलच्या मेनूतच असते. तारीख २६ ऑगस्ट २०२५ आणि प्रमाण एकाचे दोन. भाव निम्मे होतील. व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची खरेदी-विक्री झाली तो आकडा, दुप्पट झाला का तेही बघा, नाहीतर व्हॉल्यूमच्या सरासरीत खोटी उडी राहते.

प्रमाण भरताना भली भली माणसं चुकतात. बोनस ‘१:१’ म्हणजे एकावर एक जास्तीचा, एकूण दोन, म्हणून भाव दोनने भागायचा. बोनस ‘१:२’ म्हणजे दोनांवर एक जास्तीचा, एकूण तीन, म्हणून भाव दीडने भागायचा, दोनने नाही. स्प्लिटची भाषा निराळी: तिथे दर्शनी किंमत बघायची. आयआरसीटीसीची ऑक्टोबर २०२१ मध्ये दहाची दोन झाली, तिथे पाचने भागायचं. एचडीएफसी बँकेचाही सप्टेंबर २०१९ मध्ये दोनाचा एक असा स्प्लिट झाला होता. तुमचा डेटा तितका मागे जात असेल आणि तुम्ही साप्ताहिक चार्ट बघत असाल, तर तीही पायरी तपासा. आणि जुना डेटा कुणाकडून आयता घेतला असेल तर तो आधीच सुधारलेला असू शकतो. तो परत सुधारलात तर चार्टवर उलटी पायरी उमटेल, तेव्हा प्रत्येक तारखेला डोळ्यांनी बघूनच पुढे जा.

डिमर्जरच्या, म्हणजे एका कंपनीतून दुसरी वेगळी होण्याच्या, बाबतीत मी ठाम उत्तर देत नाही. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, ६ जानेवारी २०२५ ला आयटीसीतून हॉटेल्स. बाजार उघडण्याआधी खास सत्र घेऊन त्यात नवा भाव ठरला. त्यावरून मागच्या भावांतून किती वजा करायचं हे डेटा देणारे आपापल्या पद्धतीने ठरवतात, काही जण वजा करतच नाहीत. अशा शेअरची २०० दिवसांची सरासरी दोन ठिकाणी वेगळी दिसली तर दोन्ही आपापल्या जागी खऱ्या असू शकतात. मी तिथे एक डेटा धरते आणि वर्षभर बदलत नाही.

एवढं करूनही दोन्हीकडचे आकडे दशांशापर्यंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. एनएसईचा अधिकृत बंद भाव २०२५ मधल्या पद्धतीनुसार शेवटच्या अर्ध्या तासातल्या, म्हणजे तीन ते साडेतीनच्या व्यवहारांची भारित सरासरी, म्हणजे मोठ्या सौद्याला जास्त वजन देणारी सरासरी, होता. भावकॉपीत तोच येतो. बऱ्याच ॲपवर मात्र शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो क्लोज धरतात. शेवटच्या पाच मिनिटांत भाव हलला असेल तर दोहोंत एक-दोन रुपयांचा फरक पडतो आणि आरएसआय अर्ध्या-एक अंकाने सरकतो. तेवढा फरक मी सोडून देते. तीन-चार अंकांचा असला तर शोधते.

शोधताना पहिल्यांदा गहाळ दिवस बघते, आणि हे तुमच्यासारख्या हाताने डेटा भरणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता, पण अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता. त्या दिवसाची भावकॉपी कित्येकांनी भरलीच नाही. तसंच २१ ऑक्टोबर २०२५ चं मुहूर्ताचं सत्र, दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. तासाभराचंच असलं तरी चार्टवर तो पूर्ण दिवस मोजला जातो. लक्ष्मीपूजनाच्या धांदलीत तुमच्याकडून तो राहिला असेल तर लॅपटॉप एक दिवस मागे आहे.

दुसरी गोष्ट, मागे किती कँडल भरलेल्या आहेत. आरएसआयला पहिली सरासरी कुठून तरी सुरू करावी लागते आणि त्या सुरुवातीचा ठसा हळूहळू जातो. मागे १५० कँडल असतील तर मी निश्चिंत असते. २०० दिवसांच्या ईएमएला, म्हणजे ताज्या भावाला जास्त वजन देणाऱ्या सरासरीला, मात्र ठसा जायला फार वेळ लागतो: सुरुवातीपासून २०० कँडल झाल्या तरी जवळजवळ १४ टक्के उरतो, ४०० झाल्यावर दोन टक्क्यांच्या आत येतो. मोबाइलची काही ॲप आधी थोड्याच कँडल उतरवतात आणि तुम्ही चार्ट मागे ओढलात की आणखी आणतात. त्यामुळे मागे ओढल्यावर ईएमएचा आजचा आकडा बदललेला दिसू शकतो. तसं झालं तर घाबरू नका, पूर्ण मागे ओढा आणि मग वाचा. ॲमीब्रोकरमध्ये याचीच दुसरी तऱ्हा आहे. तिथे वेग यावा म्हणून सॉफ्टवेअर लागतील तेवढ्याच कँडलचा हिशेब करतं. कुणी लिहून दिलेल्या सूत्रात पहिल्या दिवसापासूनची बेरीज असेल तर झूम बदलला की आकडा बदलतो. त्या सूत्रात सगळ्या कँडल घ्यायची सूचना लिहावी लागते.

आता सुपरट्रेंड. ९७६ हा आकडा भाव हजाराच्या आसपास असताना अगदी शोभतो, म्हणून हिशेब ठीक आहे आणि दोष चित्रात आहे. मला दोन कारणं दिसतात. पहिलं असं, की सुपरट्रेंड ही दिसायला एक रेघ असली तरी आतून दोन असतात. तेजीत भावाच्या खाली असते ती, आणि मंदीत वर असते ती. स्टाइलच्या खिडकीत दोन्हींना वेगळा रंग आणि वेगळी खूण असते. एकीची खूण निघाली किंवा तिचा रंग पार्श्वभूमीसारखा झाला, तर भावाने दिशा बदलेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि एक दिवस रेघ गायब होते. ‘पूर्वी दिसायची’ हे तुम्ही लिहिलंय, म्हणून मला हेच जास्त संभवतं. चार्ट मागे नेऊन भाव पडत होता तो काळ बघा. तिथे वरची रेघ दिसली तर खालचीचीच खूण किंवा रंग गेलेला आहे. तुम्ही थीमही बदलली होती. पांढऱ्यावर काळी म्हणून निवडलेली रेघ गडद थीमवर काळ्यावर काळी होते. कोपरीचे एक गृहस्थ आपली सरासरी आठ दिवस शोधत होते ती अशीच.

दुसरं कारण तुमच्या त्या लटकलेल्या सरासरीतच आहे. तिला दाखवायचं म्हणून उभी मोजपट्टी नऊशेपासून दोन हजारापर्यंत ताणली गेली. चार्टची उंची १५ सेंटिमीटर धरली तर अकराशे रुपये तेवढ्यात बसवायचे. भाव आणि सुपरट्रेंड यांच्यातलं २५ रुपयांचं अंतर पडद्यावर साडेतीन मिलिमीटरही भरत नाही. सगळ्या कँडल तळाशी दाटीने बसलेल्या आणि रेघ त्यांच्या मागे. डेटा सुधारला की हे आपोआप मोकळं होईल. तोवर सरासरी लपवून बघा. ट्रेडिंगव्ह्यूसारख्या ठिकाणी मोजपट्टीवर उजवं क्लिक केलं की ती फक्त भावाच्या चार्टनुसार ठेवायचा पर्याय मिळतो. तो लावला की दूरचे इंडिकेटर कँडलना दाबत नाहीत, पण मग ते स्वतः पडद्याबाहेर राहू शकतात. कुठला पर्याय चांगला हे तुम्ही काय बघता त्यावर आहे. मी स्वतः तो बंद ठेवते, कारण दूर गेलेली रेघ मला दिसायला हवी असते. ती दूर का गेली हे त्यामुळेच लक्षात येतं.

याच जातीच्या आणखी दोन चुका नेहमी भेटतात. आरएसआय भावाच्याच खणात आणि त्याच मोजपट्टीवर टाकला तर शून्य ते शंभरमध्ये फिरणारी रेघ हजाराच्या भावाखाली सपाट पडून राहते. ती खालच्या वेगळ्या खणात हलवायची. आणि सरासरी लावताना भाव म्हणून क्लोजऐवजी चुकून आरएसआय निवडला गेला, तर ती सरासरी पन्नास-साठच्या आसपास कुठेतरी फिरते आणि पूर्ण चार्ट दाबून टाकते. व्हिजिबिलिटीची खिडकीही एकदा उघडून बघा. इंडिकेटर फक्त ठरावीक कालावधीच्या चार्टवरच दाखवायचा, असं तिथे नेमता येतं. पाच मिनिटांच्या चार्टवर असताना केलेली खूण रोजच्या चार्टवर आड येते.

निफ्टीच्या व्हीवॅपचं उत्तर छोटं आहे. व्हीवॅप म्हणजे प्रत्येक सौद्याच्या भावाला त्याच्या संख्येचं वजन देऊन काढलेली सरासरी. निफ्टी ५० हा पन्नास शेअरवरून काढलेला निर्देशांक आहे, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही, म्हणून त्याला स्वतःचा व्हॉल्यूम नाही. काही डेटा देणारे पन्नास शेअरच्या व्हॉल्यूमची बेरीज लावतात, तिथे रेघ उमटते. तुमचं ॲप बहुधा लावत नाही, म्हणून रिकामं. चालू महिन्याच्या निफ्टी फ्युचरवर, म्हणजे निफ्टीच्या वायद्यावर, व्हीवॅप लावा, लगेच दिसेल. फक्त तो आकडा उचलून निफ्टीच्या चार्टवर रेघ मारू नका. फ्युचर आणि निफ्टीत प्रीमियमचा फरक असतो. सप्टेंबर २०२५ पासून महिन्याची एक्स्पायरी, म्हणजे वायद्याची मुदत संपण्याचा दिवस, शेवटच्या मंगळवारी असते, तेव्हा चार्टही वेळेवर पुढच्या महिन्याच्या फ्युचरवर न्या. व्हीवॅप रोज सकाळी सव्वानऊला नव्याने सुरू होतो, त्यामुळे रोजच्या चार्टवर त्याला अर्थ उरत नाही आणि काही सॉफ्टवेअर तो तिथे मुद्दाम लपवतात.

सॉफ्टवेअर दोनदा काढून टाकल्याने काही का झालं नाही, तेही सांगते, म्हणजे तिसऱ्यांदा तो त्रास घेणार नाही. डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि तो काढताना जात नाही. जावा अशी आपली इच्छाही नसते. चार्टची मांडणी आणि रंगही बहुधा तुमच्या खात्यात किंवा प्रोफाइलमध्ये साठवलेले असतात. नवं सॉफ्टवेअर येऊन तोच डेटा आणि त्याच खुणा उचलतं. त्यापेक्षा एक कोरा चार्ट उघडा, त्यावर एकच इंडिकेटर मूळ सेटिंगने लावा, आणि जुन्या चार्टशी ताडून बघा. दोन्हीकडे आकडा सारखा आला तर प्रश्न डेटाचा. वेगळा आला तर तुमच्याच जुन्या चार्टमधल्या एखाद्या खुणेचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी सेटिंगच्या खिडकीचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

रोजचा चार्ट जुळला की बहुतेक जण तासाच्या चार्टकडे वळतात आणि तिथे परत तोच प्रश्न घेऊन येतात, म्हणून आधीच सांगते. आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. त्याचे तास सरळ पडत नाहीत. सव्वानऊपासून मोजलं तर सहा पूर्ण कँडल आणि शेवटची पंधरा मिनिटांची. घड्याळाच्या तासाप्रमाणे मोजलं तर पहिली पाऊण तासाची आणि शेवटची अर्ध्या तासाची. दोन ठिकाणी दोन पद्धती असतील तर प्रत्येक कँडलचा क्लोज वेगळा, मग आरएसआय जुळणारच नाही. मी ७५ मिनिटांचा चार्ट वापरते, दिवसाच्या बरोबर पाच कँडल होतात आणि तुकडा उरत नाही.

आज रात्री तुम्ही एवढंच करा. लॅपटॉपवर एचडीएफसी बँकेच्या २५ ऑगस्ट २०२५ च्या कँडलवर माउस न्या आणि क्लोज वाचा. १,९६० च्या आसपास असेल तर वर सांगितल्याप्रमाणे डेटाची प्रत काढून बोनस भरा, मग १ फेब्रुवारी आणि २१ ऑक्टोबर हे दोन दिवस आहेत का बघा, आणि शेवटी सुपरट्रेंडच्या स्टाइलमध्ये खालच्या रेघेची खूण. ९८० च्या आसपास असेल तर आरएसआयबद्दलचं माझं निदान चुकलं. तसं झालं तर दोन्ही ठिकाणच्या शेवटच्या वीस दिवसांचे क्लोज एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाठवा, किंवा लॅपटॉप घेऊन या. नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे, शनिवारी दुपारी चारनंतर मी घरीच असते.